बेदाणा शेडसाठी कर्ज काढतोय, ३५ टक्के अनुदानाचा खरा हिशेब कुणी सांगेल का?

द्राक्षकाडी – ४ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

गाव तासगाव तालुक्यात, सावळजच्या अंगाला. वय २७, बीएस्सी ॲग्री झालंय. तीन वर्षं पुण्यात फिरतीची नोकरी केली, गेल्या दिवाळीला सोडून घरी आलो. घरची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे, थॉमसन आणि थोडा माणिक चमन या जाती, सगळा माल बेदाण्यालाच जातो. द्राक्षं वाळवायचं स्वतःचं शेड नाही. दरवर्षी दुसऱ्याच्या शेडवर नंबर लावायचा.

गेल्या फेब्रुवारीत नंबर चार दिवस लांबला. बागेत माल तयार, पश्चिमेला ढग, आणि आई दर तासाला बाहेर येऊन आभाळाकडं बघून आत जायची. पाऊस आला नाही हे नशीब. पण शेडवर माल गेला तेव्हा गर्दी इतकी, की डिपिंगचं पाणी (वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायचं द्रावण) वेळेवर बदललंच नाही. शेवटचे क्रेट त्याच पाण्यात बुडवले. त्या रॅकचा बेदाणा काळपट निघाला. सौद्यात हिरव्या मालाशेजारी आमचे बॉक्स मांडले होते. खरेदीदार मूठभर बेदाणा उचलायचे, तळहातावर पसरून बघायचे, परत टाकून पुढं जायचे. दादांचा (वडिलांचा) चेहरा मला अजून दिसतो.

म्हणून स्वतःचं शेड आणि सोबत नेटिंग-ग्रेडिंगचं (देठ काढून प्रतवारी करायचं) छोटं मशीन असा विचार आहे. अंदाज २० लाख: शेडचं काम १२, रॅक, जाळी आणि मशीन मिळून ८. घरात रोख दोन-सव्वादोन लाख निघतील.

योजनांची नावं ऐकून डोकं गरगरतंय. पीएमएफएमई, कृषी पायाभूत सुविधा निधी, अण्णासाहेब पाटील महामंडळ, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती, मुद्रा. एक एजंट घरी येऊन गेला. म्हणाला, "सात लाख अनुदान सुटणार, त्यातलं दहा टक्के मला." दादा तयार झालेत, मी थांबवलंय. यातली कुठली योजना मला बसते? आणि फेब्रुवारीपर्यंत शेड उभं राहील का?

अजून एक अडचण. सातबारा सामाईक आहे. आजोबा, दादा आणि दोन चुलते.

कवठेकर_आबा – ४ ऑगस्ट, रात्री १०.१५

बाळा, कर्जाचं नंतर बघू. यंदाच्या मे महिन्यात पाऊस किती झाला ते तू बघितलंयस. एप्रिल छाटणीनंतर काडीला ऊन मिळायला पाहिजे तेव्हा आभाळ भरलेलं होतं. काडीच्या डोळ्यात, म्हणजे फुटायच्या कळीत, घड धरलाय का हे कुणालाच ठाऊक नाही. ऑक्टोबर छाटणीआधी काड्या तपासून घे. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा कापून बघतात, घड आहे का नुसती बाळी (वेलीचा वळलेला तंतू), लगेच कळतं. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. द्राक्षच नसतील तर शेडमध्ये काय वाळवणार? पहिल्याच वर्षी रिकाम्या शेडाचा हप्ता भरायची पाळी आली तर पोरगं खचतं. आमच्या गावात दोन पोरं खचलेली मी बघितलीत.

द्राक्षकाडी – ४ ऑगस्ट, रात्री १०.३०

आबा, हे डोक्यातच आलं नव्हतं. प्लॉटवार काड्या काढून देतो तपासायला.

निवृत्त_कृषीअधिकारी – ५ ऑगस्ट, सकाळी ७.०५

मी राष्ट्रीयीकृत बँकेत कृषी अधिकारी म्हणून सातारा-सांगलीत बरीच वर्षं काढली. सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न घेऊन आलेली किती तरी मुलं माझ्या टेबलासमोर बसलेली आहेत आणि त्यांतली निम्मी चुकीच्या रांगेत उभी होती.

तुला पीएमएफएमई बसते. पूर्ण नाव प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजना. २०२० मध्ये सुरू झाली, आपल्याकडं कृषी विभाग राबवतो. वैयक्तिक उद्योगाला पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. स्वतःचे किमान १० टक्के घालायचे, बाकी बँकेचं कर्ज. योजनेची मुदत वाढवत नेलेली आहे, तेव्हा अर्ज भरण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं एकदा खात्री कर.

आता तुझा एजंट जे सांगत नाही ते. ३५ टक्के पात्र खर्चाचे. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. आणि तांत्रिक बांधकाम पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांच्या वर धरत नाहीत. तुझ्या २० लाखांत बांधकामच १२ आहे. कागद घेऊन बस. मशिनरी ८ लाख, म्हणजे पात्र खर्चाचे ७० टक्के. मग पात्र खर्च होतो ११ लाख ४३ हजार. त्याचे ३५ टक्के साधारण ४ लाख. प्रकल्प २० लाखांचाच, पण हातात सात नाही, चार. हेच उलटं, मशिनरी १४ आणि बांधकाम ६ असतं तर पुरे सात बसले असते.

त्यामुळं कोटेशन घेतानाच रॅक, अँगल, नायलॉन जाळी, डिपिंगच्या टाक्या, क्रेट, नेटिंग मशीन यांचं कोटेशन वेगळं घे आणि पाया, कॉलम, पत्रे यांचं वेगळं. एकाच फॅब्रिकेटरनं "बेदाणा शेड, एकरकमी" असं लिहून दिलं की तपासणारा माणूस ते अख्खं बांधकामातच धरतो. मी खोटं दाखवायला सांगत नाहीये. जे जिथं आहे तिथं लिहायला सांगतोय.

दुसरं. हे अनुदान तुझ्या खिशात येत नाही. बँकेत तुझ्या कर्जखात्याशी जोडलेल्या राखीव खात्यात जमा होतं. त्यावर तुला व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर बँक तुला व्याज लावत नाही. कर्जाचा शेवटचा टप्पा उचलल्यापासून तीन वर्षं खातं नियमित राहिलं आणि युनिट चालू असलं तर ते कर्जात वळतं होतं. त्याआधी खातं एनपीए झालं, म्हणजे हप्ते थकून बुडीत धरलं गेलं, तर बँक ते अनुदान थकलेल्या कर्जाच्या वसुलीत वळतं करते. "अनुदान आलं की त्यातून चुलत्याचे पैसे देऊ" असा घरात कुणाचा विचार असेल तर आजच काढून टाका.

प्रकल्प अहवालासाठी एजंट लागत नाही. जिल्ह्यात कृषी विभागानं जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या आहेत. अहवाल करणं, ऑनलाइन अर्ज, बँकेत पाठपुरावा, उद्यम आणि अन्नपरवान्याची नोंदणी ही त्यांचीच कामं. त्यांचं मानधन योजनेतून मिळतं, शेतकऱ्याकडून घ्यायचं नसतं.

आणि मंजुरीपत्र हातात पडायच्या आधी मशीनवाल्याला एक रुपयाही देऊ नकोस. "सीझन आला, बुकिंग करून ठेवा" असं तो म्हणेलच.

मणेराजुरीकर – ५ ऑगस्ट, दुपारी १.२०

साहेबांनी लिहिलं ते सोळा आणे खरं. मी २०२२ ला केलंय हे, बेदाण्याचंच.

माझी चूक सांगतो, तुझी होऊ नये. मी हप्ता मासिक मान्य केला. १८ लाख कर्ज, साडेदहा टक्के, सात वर्षं. महिन्याला ३०,३५० रुपये. मॅनेजर म्हणाले सिस्टिमला मासिकच बसतं, मी सही केली. आता बेदाण्याचं गणित बघ. फेब्रुवारी ते एप्रिल शेड चालतं, माल कोल्ड स्टोरेजला जातो. थोडा मेमध्ये विकायचा, बाकी गणपती-दिवाळीच्या तेजीला. माझा पहिला हप्ता डिसेंबरात पडला. शेड उभं, बागेत हिरवे मणी, घरात पैसा नाही. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असे तीन हप्ते पाहुण्यांकडून उसने घेऊन भरले. एप्रिलमध्ये पाहुण्यांचे पैसे द्यायचे म्हणून सगळा माल पडत्या भावात काढला. शेड माझं, मशीन माझं, पण माल धरून ठेवायची ताकदच राहिली नाही. मग शेड बांधून काय मिळवलं?

दुसऱ्या वर्षी बँकेत जाऊन भांडलो. भांडलो म्हणजे रोज जाऊन बसलो. शेतीमालावर चालणाऱ्या उद्योगाला सहामाही हप्ता देता येतो, बँकेला तसा अधिकार असतो. तो मंजुरीच्या वेळीच मागायचा. नंतर बदलायला मला चार महिने गेले.

अनुदान माझं कर्ज उचलल्यावर आठ महिन्यांनी आलं. तोवर पूर्ण रकमेवर व्याज चालू होतं, तेही धरून ठेव.

द्राक्षकाडी – ५ ऑगस्ट, रात्री ८.५०

मणेराजुरीकर दादा, साहेब, काय बोलू. एजंटला नाही म्हणून सांगितलं. दादांना अकरा लाख त्रेचाळीस हजारांचं गणित वहीत मांडून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "उद्या कृषी ऑफिसला जाऊ."

एक विचारायचं होतं. पायाभूत सुविधा निधी आणि पीएमएफएमई, दोन्ही एकत्र घेता येतं का? काही जण हो म्हणतात, काही नाही.

मणेराजुरीकर – ५ ऑगस्ट, रात्री ९.१०

येतं. मी घेतलंय. तो निधी म्हणजे वेगळं कर्ज नव्हे. दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर वर्षाला तीन टक्के व्याज सवलत, जास्तीत जास्त सात वर्षं. पीएमएफएमईचं कर्ज असलं तरी काढणीपश्चात कामाला ती जोडता येते. साडेदहाचं मला साडेसात पडतं. पण बँक आपणहून करत नाही, त्याचा अर्ज वेगळ्या पोर्टलवर आपणच भरायचा. माझ्या शाखेनं सव्वा वर्ष ते केलंच नव्हतं, पासबुक बघताना माझ्या लक्षात आलं. दर सहा महिन्यांनी खात्याचा उतारा काढून सवलतीची एंट्री शोधायची.

निवृत्त_कृषीअधिकारी – ५ ऑगस्ट, रात्री ९.३५

बरोबर. भर एवढीच: त्याच निधीत दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला पतहमी ट्रस्टची हमी (कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई) मिळते आणि तिची फी सरकार भरतं. शाखेत "जमीन गहाण टाका" म्हणाले तर हे नम्रपणे काढायचं. तसंही सूक्ष्म उद्योगाच्या निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नये हा रिझर्व्ह बँकेचा जुना नियम आहे. सामाईक सातबारा असलेल्या मुलाला याचा मोठा आधार होतो, कारण गहाण टाकायला त्याच्या नावावर काही नसतंच.

बागणीचा_संतू – ६ ऑगस्ट, सकाळी ११.००

एवढ्या भानगडी कशाला, मुद्रा काढ आणि मोकळा हो.

निवृत्त_कृषीअधिकारी – ६ ऑगस्ट, सकाळी ११.४५

संतू, मुद्रा चांगलीच आहे, तारण लागत नाही. पण नव्या माणसाला तरुण गटात १० लाखांपर्यंतच मिळतं. २० लाखांचं तरुण प्लस आधीचं तरुण कर्ज फेडलेल्याला. आणि मुद्रेत भांडवली अनुदान नाही. किराणा, दूध संकलन, पिठाची गिरणी, छोटं दुकान, त्याला ती छान आहे. या मुलाचा प्रकल्प त्यात बसत नाही.

हळदमिरची – ६ ऑगस्ट, रात्री १०.०५

मी मिरज तालुक्यातली. आमचा दहा जणींचा बचत गट, हळद-मिरची कांडप आणि मसाले. धागा बेदाण्याचा आहे, पण वाचणाऱ्या बायकाही असतील म्हणून लिहिते.

पीएमएफएमईत गटाला बीज भांडवल मिळतं, अन्नप्रक्रिया करणाऱ्या सभासदामागं ४० हजार. खेळतं भांडवल आणि छोटी अवजारं यासाठी. आम्ही उमेदमधून (गावच्या बचत गटांचं सरकारी अभियान) अर्ज केला. त्याआधी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत दहा दिवस मसाल्याचं शिक्षण घेतलं, फुकट, जेवणसुद्धा तिथंच. सांगलीला ती संस्था बँक ऑफ इंडियाची आहे, साताऱ्याला महाबँकेची. दोन्ही बँका आपापल्या जिल्ह्याच्या अग्रणी बँका आहेत.

मला तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट दिसली नाही. खेळतं भांडवल. आम्ही पहिल्या वर्षी चक्की घेतली, पल्व्हरायझर घेतला, खोलीला रंग दिला, आणि हळकुंड घ्यायला गेलो तर पैसे संपलेले. सांगलीच्या मार्केटात दर चांगला होता, डोळ्यांसमोर माल जात होता. दोन महिने मशीन झाकून ठेवलं. रोज सकाळी एकजण जाऊन त्यावरची धूळ पुसायची. शेवटी प्रत्येकीनं घरातलं काहीतरी मोडलं. मी माझी अंगठी मोडली.

भाऊ, तुम्ही फक्त स्वतःचा माल वाळवणार की दुसऱ्याचा विकत घेणार? विकत घेणार असाल तर शेतकऱ्याला पैसे रोख लागतात, तेही दोन महिन्यांत सगळे. त्याचं काय?

द्राक्षकाडी – ६ ऑगस्ट, रात्री १०.४०

ताई, विकत घ्यायचा विचार होता, पैशाचा केला नव्हता. खरंच.

निवृत्त_कृषीअधिकारी – ७ ऑगस्ट, सकाळी ६.५०

ताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. हे माझ्याकडून राहिलं.

मुदत कर्जासोबतच कॅश क्रेडिटची (लागेल तेव्हा उचलायच्या आणि भरायच्या खेळत्या भांडवलाची) मर्यादा मागायची, एकाच प्रकल्प अहवालात. त्यावर भांडवली अनुदान नसतं म्हणून अहवाल लिहिणारे ते गाळतात, आणि पहिल्याच हंगामात युनिट अडकतं. कॅश क्रेडिटला वापरलेल्या दिवसांचंच व्याज पडतं, आठ महिने खातं शून्यावर ठेवलं तरी चालतं. पण पहिलं वर्ष दुसऱ्याचा माल विकत घेऊ नकोस. वाळवणी करून दे, किलोमागं मजुरी घे. त्यात तुझं भांडवल अडकत नाही आणि भावाची जोखीम मालकाची राहते.

स्वतःच्या बेदाण्यासाठी तारण कर्ज आहे. पणन मंडळाची योजना, बाजार समितीमार्फत. माल गोदामात ठेवायचा, सहा महिन्यांपर्यंत सहा टक्क्यांनी कर्ज. बेदाणा आणि हळद दोन्ही त्यात आहेत. फक्त शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालाला, व्यापाऱ्याला नाही. मणेराजुरीकरांनी एप्रिलमध्ये माल पडत्या भावात काढला, तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मणेराजुरीकर – ७ ऑगस्ट, सकाळी ७.३०

कुणीच सांगितलं नाही साहेब. ना बँकेनं, ना सोसायटीनं.

पाटणचा_गवळी – ८ ऑगस्ट, दुपारी ३.१५

अण्णासाहेब पाटील महामंडळाबद्दल मी सांगतो, कारण माझा त्यात हात भाजलाय. मराठा समाजासाठी आणि ज्यांच्यासाठी दुसरं महामंडळ नाही अशांसाठी आहे. १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांच्या आत, सात वर्षांपर्यंत, जास्तीत जास्त साडेचार लाख महामंडळ परत देतं. हप्ता आपण आधी भरायचा, मग व्याजाची रक्कम आपल्या बचत खात्यावर येते. हप्ता चुकला की त्याचं व्याज येत नाही.

क्रम असा: आधी वेबसाइटवरून पात्रता पत्र काढायचं, त्याला सगळे एलओआय म्हणतात, आणि मग बँकेतून कर्ज. मी म्हशी बघून ठेवल्या होत्या, विकणारा थांबेना. ओळखीच्या शाखेतून कर्ज उचललं, पत्र आठवड्यानं काढलं. बाद. सात वर्षांचं व्याज माझ्याच अंगावर. सगळं कागदाच्या तारखेवर असतं, नवीन पोरांनी हे ध्यानात ठेवा.

माणदेशी_मेंढका – ८ ऑगस्ट, सायंकाळी ६.००

शेळी-मेंढीवाल्यांसाठी: राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के भांडवली अनुदान आहे. १०० शेळ्या ५ बोकडांना १० लाखांपर्यंत, ५०० आणि २५ ला ५० लाखांपर्यंत. दोन हप्त्यांत येतं. पण चाऱ्याची जमीन आधी दाखवावी लागते, आणि आमच्या माण-खटावात पाण्याशिवाय चारा नाही. आधी वीस शेळ्या दोन उन्हाळे सांभाळून बघा, मगच शंभराचा अर्ज टाका.

कवठेकर_आबा – ९ ऑगस्ट, सकाळी ८.१०

हे माणदेशी बोलतोय ते मला पटलं.

द्राक्षकाडी – १६ ऑगस्ट, रात्री ९.००

अपडेट देतो. कृषी ऑफिसला दोनदा गेलो. संसाधन व्यक्ती भेटल्या, एक मॅडम आहेत, तासभर बसून सगळं समजावलं, एक पैसा घेतला नाही. बँकेत प्राथमिक बोलणं झालं. तिथं दोन गोष्टी निघाल्या.

एक, सिबिल, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद. माझं ठीक असेल असं धरून चाललो होतो. उताऱ्यात एका मित्राच्या ट्रॅक्टरला मी जामीन आहे ते दिसलं, आणि त्याचे दोन हप्ते थकलेत. सही केली तेव्हा मी कॉलेजात होतो. विसरूनही गेलो होतो.

दोन, सामाईक सातबारा. वकील म्हणतात शेड ज्या गुंठ्यांवर बांधणार त्यावर तुमचा हक्क दाखवा.

निवृत्त_कृषीअधिकारी – १६ ऑगस्ट, रात्री ९.५०

सिबिलचा पूर्ण उतारा वर्षातून एकदा फुकट मिळतो, हे सगळ्या वाचकांनी आजच काढून बघा, कर्ज घ्यायचं असो नसो. पीककर्जाला सिबिल मागू नका असं सरकारनं बँकांना बजावलेलं आहे, पण हे पीककर्ज नाही, उद्योगाचं कर्ज आहे. इथं बँक बघणारच. मित्राला गाठ, हप्ते भरायला लाव. तडजोड करून खातं मिटवू नका, उताऱ्यात "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि तो कित्येक वर्षं नडतो. पूर्ण भरून "क्लोज्ड" झालं पाहिजे, आणि बेबाकी दाखला घ्यायचा.

जमिनीचं: दोन रस्ते. चुलत्यांची संमती असेल तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं वाटणीचा अर्ज. सगळे सहधारक जागेवर हजर राहून सही देणार असतील तर कोर्ट लागत नाही. दुसरा, सगळ्या सहधारकांनी मिळून तुला शेडापुरत्या गुंठ्यांचा नोंदणीकृत भाडेकरार द्यायचा, मुदत कर्जापेक्षा जास्त, म्हणजे दहा वर्षं तरी. साध्या स्टॅम्पवरचा करार बँक घेत नाही.

आणि बाळ, हे कागदाचं काम वाटतं पण घरातलं आहे. चुलत्यांकडं तू जाऊ नकोस. आजोबांना पुढं बसव.

द्राक्षकाडी – २१ सप्टेंबर, रात्री ८.३०

उशिरा लिहितोय. मित्रानं हप्ते भरले. त्याच्याकडं खरंच पैसे नव्हते, एक मी भरला, एक त्यानं, मला दिवाळीनंतर देणार आहे. मैत्री टिकली.

काडी तपासणी झाली. थॉमसनच्या दोन प्लॉटमध्ये घड फारच कमी. माणिक चमन बरा आहे. आबा, तुम्ही ते लिहिलं नसतं तर मी साडेतीन एकराच्या पूर्ण मालावर अहवाल करून बसलो असतो.

आजोबांनी दोन्ही काकांना घरी बोलावलं. धाकटे काका म्हणाले, "शेड झालं तर माझा माल आधी घेणार का?" मी हो म्हणालो. तिथंच विषय मिटला. सहा गुंठ्यांचा दहा वर्षांचा भाडेकरार गेल्या आठवड्यात नोंदवला.

कवठेकर_आबा – २१ सप्टेंबर, रात्री ९.०५

आता प्रकल्प लहान कर. मोठं शेड पुढच्या साली जोडता येतं.

द्राक्षकाडी – १९ नोव्हेंबर, रात्री १०.२०

प्रकल्प लहान केला. एकूण १२ लाख: शेडचं काम ३ लाख ६० हजार, रॅक, जाळी, टाक्या आणि मशीन ८ लाख ४० हजार. बांधकाम बरोबर ३० टक्के, म्हणजे सगळा खर्च पात्र. अनुदान ४ लाख २० हजार. साहेब, २० लाखांच्या प्रकल्पात जेवढं मिळत होतं त्यापेक्षा इथं वीस हजार जास्तच, आणि कर्ज १८ ऐवजी १० लाख ८० हजार. हे दादांना सांगितलं तर त्यांनी दोनदा आकडे तपासले.

दोन लाखांचं कॅश क्रेडिटही अहवालात घातलं. पहिलं वर्ष आमचा आणि धाकट्या काकांचा माल, जागा उरली तर शेजारच्या दोघांची मजुरीनं वाळवणी. मंजुरी काल आली. फॅब्रिकेटर जानेवारीअखेर शेड उभं करून देतो म्हणाला.

हळदमिरची – १९ नोव्हेंबर, रात्री १०.३५

खूप आनंद झाला भाऊ. पॅकिंगचा पत्ता लागत असेल तर सांगा, आमच्या गटाला लेबलवाला चांगला मिळालाय.

मणेराजुरीकर – १९ नोव्हेंबर, रात्री १०.५०

मंजुरीपत्रात हप्त्याच्या तारखा लेखी आहेत का? तोंडी नको.

द्राक्षकाडी – १९ नोव्हेंबर, रात्री १०.५५

लेखी आहेत दादा. सहामाही. १५ मे आणि १५ नोव्हेंबर.